वारा, गच्ची आणि फरसबंदी

मोकळ्या अंगणांत पंगत बसावयाची असली म्हणजे पानें मांडतांच वाढप्यांची एक निराळीच धांदल उडते. वाऱ्याची लहानशी झुळूक आली तरी पत्रावळी उलट्या होऊं लागतात. मग कोणी तरी जाणता मनुष्य पुढें होऊन प्रत्येक पानावर एकेक खडा ठेवीत जातो. हलकी वस्तु वजनाखालीं दाबून धरावी, हें कोणाला शिकवावें लागत नाहीं. झोंपडीच्या पत्र्यावर दगड रचणारा शेतकरी आणि शहरांतील उंच इमारतीच्या गच्चीवर काँक्रीटच्या लाद्या अंथरणारा इंजिनियर हे दोघेहि मुळांत हाच उपाय करीत असतात. परंतु पानावर ठेवलेला खडाच जर वाऱ्यानें उचलला, तर काय करावें? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा प्रश्न मोठमोठ्या शहरांपुढें खरोखरच उभा राहिला. त्याचें जें उत्तर शोधकांच्या हातीं लागलें, तें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटणारें आहे. केवळ वजन वाढवून वाऱ्याला जिंकतां येत नाहीं. त्याला जाण्यायेण्यास वाट ठेवावी लागते, हेंच तें उत्तर. त्या उत्तरापर्यंत मनुष्य कसा येऊन पोंचला, याची ही हकीकत आहे.

गच्ची ही फार प्राचीन वस्तु आहे. जेथें पाऊस थोडा आणि ऊन फार, तेथें उतरत्या छपरापेक्षां सपाट छप्पर सोयीचें पडतें. त्यावर धान्य वाळवतां येतें, रात्रीं निजतां येतें, आणि लाकूडहि कमी लागतें. इराक, इराण, मिसर या देशांत अशीं छप्परें हजारों वर्षें चालत आलीं आहेत. आपल्याकडील सोलापूर व मराठवाडा या भागांतील माळवदें आणि खानदेशांतील धाब्याचीं घरें हीं त्याच कुळांतलीं. तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि चिखल, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही साधी रचना असते. पावसाळ्यापूर्वीं नवी माती टाकून ती चोपून घेतली कीं माळवद वर्षभर निर्धास्त.

गच्चीवरील फरसबंदीचें जुन्यांतलें जुनें सविस्तर वर्णन रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याच्या ग्रंथांत सांपडतें. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या दहा भागांच्या ग्रंथांतील सातव्या भागाच्या आरंभींच त्यानें उघड्यावरील फरसबंदीचा विचार केला आहे. फळ्यांचे दोन थर एकावर एक आडवे-उभे ठोकावे, त्यांवर दगडगोट्यांच्या चुऱ्यांत कौलांचा चुरा व चुना मिसळून तो चांगला धुमसावा, सर्व मिळून जाडी एक फुटाहून कमी असूं नये, दर दहा फुटांस दोन बोटें उतार द्यावा, आणि दरवर्षीं हिंवाळ्यापूर्वीं फरशीला तेलाचा गाळ पाजावा, असे त्याचे नियम आहेत. या सर्व प्रकरणांत त्याला चिंता वाटते ती लांकूड फुगण्याआक्रसण्याची, पावसाची आणि हिमाची. वाऱ्यानें फरशी उडेल अशी शंका त्याला येत नाहीं. आणि ती येण्याचें कारणहि नव्हतें. एक फूट जाडीच्या चुनेगच्ची थराचें वजन दर चौरस मीटरला पांचशें किलोग्रॅमच्या आसपास भरतें. शिवाय तो सारा थर एकजीव झालेला असतो. त्यांतील एखादा तुकडा सुटा करून उचलावा म्हटलें तर वाऱ्याला बोट घालण्यापुरतीहि जागा सांपडत नाहीं.

हाच गुण पुढच्या काळांतील गच्च्यांतहि टिकून राहिला. मद्रासकडील गच्चींत लांकडी तुळयांवर विटा उभ्या धारेवर चुन्यांत बसवीत, व वर पुन्हां विटांच्या चुऱ्याचा थर ठोकून घेत. मुंबईंत काँक्रीटचीं घरें आल्यावर स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करण्याची जी पद्धत पडली, ती अद्यापहि चालू आहे. कित्येक गच्च्यांवर त्यावर चिनी मातीच्या फुटक्या कपबशांचे व लाद्यांचे पांढरे तुकडे बसविलेले दिसतात. अशा गच्चींत दोष नाहींत असें नाहीं. ती तडकते, गळते, आणि इमारतीवर वजनाचा मोठा बोजा टाकते. गवंडी दर दोनचार वर्षांनीं तिच्या भेगा बुजवीत असतो. परंतु वारा हा मात्र तिचा शत्रु नव्हे.

वाऱ्याशीं खरें वैर सुरू झालें तें गच्ची हलकी व सुटी झाल्यापासून. १८३९ सालीं सायलीशिया प्रांतांतील हिर्शबेर्ग या गांवच्या सामुएल हॉयझ्लर नांवाच्या एका पिंपें करणाऱ्या कारागिरानें डांबरी मिश्रणानें चिकटविलेल्या कागदांच्या थरांचें सपाट छप्पर शोधून काढलें. उन्हापासून रक्षण व्हावें म्हणून त्याच्यावर खडी व मातीचा थर पसरीत. याच सुमारास अमेरिकेंतहि डांबर आणि खडी यांचीं छप्परें प्रचारांत येऊं लागलीं, आणि पुढें शिकागो, न्यूयॉर्क यांसारख्या शहरांतील उंच उंच इमारतींच्या माथ्यावर तींच दिसूं लागलीं. पाणी अडविण्याचें काम आतां पातळ डांबरी थराकडे गेलें; वरचा दगड केवळ पांघरुणासारखा राहिला. पाणी अडविणारा थर आणि वजनाचा थर हे दोन निराळे झाले, आणि वरचा थर सुटा झाला, ही या इतिहासांतली कलाटणी होय.

पहिल्या महायुद्धानंतर यूरोपांत नवी वास्तुकला उदयास आली, तेव्हां गच्चीला आणखी मान मिळाला. ल कॉर्बुझिए यानें १९२७ सालीं नव्या वास्तुकलेचीं जीं पांच सूत्रें मांडलीं, त्यांत गच्चीवरील बाग हें एक होतें. तिच्यासाठीं त्यानें सुचविलेली रचना लक्षांत ठेवण्याजोगी आहे. छपरावर वाळूचा थर, वाळूवर काँक्रीटच्या जाड लाद्या, आणि लाद्यांमधल्या रुंद फटींत उगवणारें गवत! फटी मोकळ्या ठेवण्यांत त्याचा हेतु वाऱ्याशीं लढण्याचा नव्हता. खालीं ओल राहावी व काँक्रीट उन्हानें तडकूं नये एवढाच होता. तथापि ज्या फटींना पुढें एवढें महत्त्व आलें, त्या येथें प्रथम एका थोर वास्तुकाराच्या कागदावर दिसतात.

१९६० नंतर कृत्रिम रबराच्या व प्लॅस्टिकच्या मोठ्या चादरी छपरावर नुसत्या अंथरून, त्या न चिकटवितां, वर खडी किंवा लाद्या टाकून दाबून धरण्याची रीत पडली. काम झटपट होई, दुरुस्ती सोपी जाई, आणि उष्णता अडविणारे हलके फेसाळ तक्ते वरून घालतां येत. जेथें माणसांनीं वावरावयाचें तेथें लहान ठोकळ्यांवर लाद्या अधांतरीं मांडीत. पावसाचें पाणी फटींतून खालीं उतरून निघून जाई आणि वर चालण्यास कोरडी, सपाट जागा मिळे. शंभर पावलांवरून पाहणाऱ्याला ही फरसबंदी जुन्या गच्चीसारखीच दिसते. पण आंतून ती अगदीं निराळी आहे. जुन्या गच्चींत दगड गच्चीचा अवयव होता. नव्या गच्चींत तो पत्रावळीवरचा खडा झाला.

आतां वारा छपरावर नेमकें काय करतो, हें पाहिलें पाहिजे. वारा म्हणजे धक्का, अशी सर्वांचीच समजूत असते. इंजिनियरांचीहि पुष्कळ काळ होती. १८७९ च्या २८ डिसेंबरच्या रात्रीं स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल वादळांत कोसळून त्यावरून जाणारी आगगाडी सुमारें ७५ उतारूंसह नदींत बुडाली, तेव्हांपासून वाऱ्याच्या जोराचें मोजमाप हा जिवावरचा प्रश्न होऊन बसला. तरी त्या वेळीं मोजला जाई तो समोरून येणारा धक्काच. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील गॅसच्या कारखान्यांतील इर्मिंगर नांवाच्या इंजिनियरानें १८९४ च्या सुमारास एक युक्ति केली. कारखान्याच्या धुराड्यांत जो हवेचा ओढा असतो, त्याचाच उपयोग करून त्यानें एका बंद मार्गांतून वेगानें हवा खेंचली, आणि त्या प्रवाहांत घराच्या लहान प्रतिकृति ठेवून त्यांच्या अंगावरील दाब मोजला. निष्कर्ष असा निघाला कीं, छपरावर वारा दाबतो त्यापेक्षां पुष्कळ ठिकाणीं ओढतो. वादळांत छप्पर जातें तें बहुधा ढकललें गेल्यामुळें नव्हे, वर उचललें गेल्यामुळें.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. वारा भिंतीवर आदळला म्हणजे तो वर वळतो आणि छपराच्या कडेवरून उसळी मारून पुढें जातो. कडेच्या लगत मागें छपराला न चिकटलेली, घुसळणारी अशी हवा राहते व तिचा दाब सभोंवारच्या हवेपेक्षां कमी होतो. वारा जर तिरपा, कोपऱ्यावरच येत असला, तर प्रकार अधिक बिकट होतो. कोपऱ्यापासून दोन्ही कडांच्या बाजूनें दोन आडवे भोंवरे सुटतात. चैत्रांतल्या दुपारीं रस्त्याच्या कोपऱ्यावर धूळपाचोळा गरगरत वर जातो, तसलाच हा भोंवरा. फक्त तो उभा नसून आडवा पडलेला आणि छपराला घांसून जाणारा. त्याच्या पोटांत दाब फारच उतरतो. म्हणून वादळानंतर पाहणी केली असतां छपराचा कोपरा आधीं गेलेला आढळतो, मग कड, आणि मधला भाग पुष्कळदां जसाच्या तसा राहिलेला असतो.

हें सर्व पुस्तकांत होतें. परंतु शहरांनीं तें मनावर घेतलें तें अनुभवाचा फटका बसल्यावर. १९७० च्या ११ मे रोजीं अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांतल्या लबक शहरावर चक्रवात कोसळला आणि २६ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर तेथील विद्यापीठांतील अभ्यासकांनीं पडझडीची पाहणी केली, तींत खिडक्यांच्या कांचा फुटण्यास वाऱ्याच्या दाबापेक्षां वाऱ्याबरोबर उडत आलेल्या वस्तु, आणि त्यांतहि छपरांवरची खडी, पुष्कळ अंशीं कारण झाल्याचें दिसून आलें. तेरा वर्षांनीं, १९८३ च्या १८ ऑगस्ट रोजीं, त्याच संस्थानाच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टन बेटाजवळ ॲलिशिया नांवाचें तुफान चढून आलें आणि ह्यूस्टन शहरावरून गेलें. ह्यूस्टनच्या मध्यभागीं कांचेनें मढविलेल्या नव्या गगनचुंबी इमारती उभ्या होत्या. त्यांच्या आराखड्यांत जो वेग गृहीत धरला होता, त्याहून त्या दिवशीं शहरांतील वारा अधिक नव्हता. सांगाडे सहीसलामत राहिले. पण शेजारच्या बुटक्या इमारतींवरील खडी उडाली, ती वरच्या मजल्यांच्या कांचांवर जाऊन आदळली. फुटलेल्या कांचांचे तुकडे खालच्या कांचांवर पडले. आणि पाहतां पाहतां रस्त्यांवर कांचांचा खच पडला. कोट्यवधि रुपये खर्चून बांधलेल्या इमारतीला शेजाऱ्याच्या छपरावरचा मूठभर खडा नडला. २००५ सालीं कॅट्रिना तुफानांत न्यू ऑर्लिअन्स शहरानें असाच प्रकार पुन्हां पाहिला.

या काळांत कॅनडाची राजधानी ओटावा येथें काइंड आणि वॉर्डलॉ या दोन संशोधकांनीं राष्ट्रीय संशोधन मंडळाच्या वाऱ्याच्या बोगद्यांत छपरावरच्या खडीचे पद्धतशीर प्रयोग चालविले होते. त्यांचे नियम १९७६ सालीं प्रसिद्ध झाले. वाऱ्याचा बोगदा म्हणजे एक लांबलचक खोली. तिच्या एका टोंकाकडून पंख्यानें हवा खेळवितात, आणि आंत इमारतीची प्रतिकृति ठेवतात. वाऱ्याची जमिनीलगतची खडबडीत चाल प्रतिकृतींतहि उतरली पाहिजे, नाहीं तर मापें फसतात, हें डेन्मार्कच्या येन्सेन यानें १९५८ सालीं दाखवून दिलें होतें. आणि त्या तत्त्वावर उभारलेले बोगदे १९६५ च्या सुमारास कॅनडा व अमेरिका येथें तयार झाले होते. ओटावाच्या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. खडीचा थर किती जाड आहे याला फारसें महत्त्व नाहीं. एकेक खडा केवढा आहे याला महत्त्व आहे. वारा थराला उचलीत नाहीं, तो वरचा खडा उचलतो, मग त्याच्या खालचा. खड्याचा व्यास चौपट केला तर त्याला हलविण्यास लागणारा वेग दुपटीनें वाढतो. तेव्हां छपरावर आणखी दोन पाट्या बारीक खडी ओतून घेणारा मालक स्वतःचें समाधान करतो, वाऱ्याचें नव्हे.

मोठा खडा बरा. मग खड्याऐवजीं लादीच घातली तर? अमेरिकेंतील नियमांत हा विचार पुढें आला. तेथें छपराचें आवरण दाबून धरण्यासाठीं साध्या मोठ्या खडीचें वजन चौरस मीटरला सुमारें ४९ किलोग्रॅम धरलें, तर लाद्यांचें किमान वजन सुमारें ८८ किलोग्रॅम धरलें. आणि जेथें वारा अधिक, तेथें कोपऱ्यांत व कडांना खडी काढून लाद्याच घालाव्या असें ठरविलें. २००६ च्या आदर्श बांधकाम-नियमांत तुफानी किनाऱ्यावरील इमारतींच्या छपरांवर सुटी खडी टाकण्यास मनाई झाली. पुढें कठडा पुरेसा उंच असल्यास व खडी योग्य आकाराची असल्यास ती मनाई शिथिल करण्यांत आली.

परंतु लादी पुरेशी जड आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें कसें? येथें थोडें अंकगणित केलें पाहिजे, आणि तें आपल्या मुंबईचेंच करूं. इमारतींवरील वाऱ्याचें भारतीय मानक १९८७ सालीं निघालें व २०१५ सालीं सुधारलें गेलें. त्यांत मुंबईसाठीं मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, पुण्यासाठीं ३९, तर मद्रास व कलकत्ता या शहरांसाठीं ५० धरला आहे. वेगाचा वर्ग करून त्याला ०·६ नें गुणलें म्हणजे दर चौरस मीटरवरील दाब न्यूटन या मापांत येतो. ४४ चा वर्ग १९३६. त्याला ०·६ नें गुणलें म्हणजे सुमारें ११६२ न्यूटन, अर्थात् जवळजवळ ११८ किलोग्रॅमचें वजन. आतां पांच सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची लादी घ्या. तिचें वजन चौरस मीटरला सुमारें १२० किलोग्रॅम होतें. म्हणजे लादी आणि वारा अगदीं तुल्यबल ठरले! परंतु कोपऱ्यांतील भोंवऱ्याची ओढ या मूळ दाबाच्या एकपट नसते. ती अडीचपटीपर्यंत किंवा त्याहूनहि वर जाते. अडीचपट धरली तर सुमारें २९५ किलोग्रॅम. तिला केवळ वजनानें तोंड द्यावयाचें तर लादी १२ सेंटिमीटरांहून जाड हवी. शिवाय इमारत जसजशी उंच, तसतसा वाराहि वाढतो. असला बोजा सर्व गच्चीवर घालावयाचा म्हणजे खालच्या तुळया आणि खांब यांच्याशींच वैर करणें होय.

गंमत अशी कीं, या हिशेबाप्रमाणें ज्या लाद्या उडून जावयास हव्या होत्या, त्यांतील पुष्कळशा प्रत्यक्ष वादळांत जागच्या हालल्या नाहींत. हिशेबांत कोठें तरी चूक होती. ही चूक शोधून काढण्याचें श्रेय ओटावाबरोबरच अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठांतले बिएन्किएविच व मेरोनी, आणि जर्मनींत आखेन येथील संशोधक यांनीं १९८० ते १९९० च्या दरम्यान केलेल्या प्रयोगांना आहे. त्यांनीं लादीच्या वरचा दाब तर मोजलाच, पण तिच्या खालच्या पोकळींतला दाबहि मोजला. आणि उलगडा झाला.

बंद खोलीचें दार वाऱ्याच्या दिवशीं उघडूं गेलें तर तें कोणी तरी पलीकडून धरून ठेवल्यासारखें वाटतें. खोलीची एक खिडकी उघडावी, कीं तेंच दार सहज उघडतें. वारा तोच, दारहि तेंच; फक्त दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला. लादीचेंहि असेंच आहे. वरची हवा विरळ झाली म्हणून लादी उचलली जात नाहीं. खालच्या पोकळींत जुन्याच दाबाची हवा कोंडून राहते, ती लादीला वर ढकलते. लादीवरील खरी उचल म्हणजे खालचा दाब आणि वरचा दाब यांतला फरक. लाद्यांमधील फटी मोकळ्या असतील तर वरचा दाब उतरतांच खालची हवा फटींतून निसटते, खालचा दाबहि उतरतो, आणि फरक नाममात्र राहतो. दोन हौद रुंद नळानें जोडले असतां एकाचें पाणी उतरलें कीं दुसऱ्याचेंहि उतरतें. नळ अरुंद असेल तर पुष्कळ वेळ दोहोंच्या पातळींत अंतर राहतें. फटी या त्या नळासारख्या आहेत. हिशेब करणाऱ्यांनीं वरच्या हौदाकडे पाहिलें होतें, खालच्याकडे पाहिलेंच नव्हतें.

या तत्त्वावरून फरसबंदीचे नियम आपोआप निघतात. फटी जितक्या मोकळ्या आणि लादीखालची पोकळी जितकी उथळ, तितकी लादी सुरक्षित. कारण उथळ पोकळींतील थोडी हवा झटकन् निघून जाते. खोल पोकळींत मात्र कोपऱ्यांतल्या हवेची जागा भरून काढण्यास बाजूची हवा धांवत येते आणि दाब सारखा होऊं देत नाहीं. अमेरिकेंतील मायामी येथील विद्यापीठानें बारा प्रचंड पंख्यांची एक भिंतच उभारली असून तिच्यासमोर मोठ्या आकाराच्या नमुन्यांवर प्रयोग होतात. तेथून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतहि फटीची रुंदी आणि पोकळीची उंची यांचें हें नातें दृढ झालें. अडचण एवढीच कीं, पाणी वाहून जाण्यासाठीं खालच्या स्लॅबला उतार द्यावा लागतो, आणि वर चालण्याची जागा तर सपाट हवी. म्हणून एका बाजूला ठोकळे उंच होतात व पोकळी खोल होते. ही खोल बाजू गच्चीच्या उघड्या कोपऱ्याकडे येऊं न देणें, हें आराखडा करणाऱ्याचें कसब होय.

दुसरा नियम कठड्याचा. अगदीं बुटका कठडा कांहीं वेळां नसल्याहून वाईट ठरतो; तो भोंवऱ्याला मोडीत नाहीं, उलट कोपऱ्याजवळची ओढ वाढवितो. मीटरभर किंवा त्याहून उंच भरीव कठडा भोंवऱ्याला लादीपासून दूर वर उचलतो व त्याची ओढ सौम्य करतो. आपल्याकडे मुलेंमाणसें पडूं नयेत म्हणून कठडा छातीपर्यंत बांधण्याची जी रीत आहे, ती या दृष्टीनेंहि हिताची आहे. तिसरा नियम कोपऱ्यांचा. तेथें दाब हातभर अंतरांतहि झपाट्यानें बदलत असल्यामुळें फटींचा उपयोग पुरा होत नाहीं. म्हणून कोपऱ्यांत व कडेला जड लाद्या घालाव्या, किंवा त्या एकमेकींत गुंतवाव्या, अथवा पट्ट्यांनीं जखडून टाकाव्या. एक लादी उठली म्हणजे तिच्या शेजारणीची धार उघडी पडते, आणि मग रांगच्या रांग उलटत जाते. पहिली लादी न उठूं देणें यांतच सारें आहे. चौथा नियम खालच्या थराचा. स्लॅबच्या भेगांतून किंवा नळांच्या भोंकांतून इमारतींतली हवा वर चढत असेल, तर खालचा दाब कधींच उतरणार नाहीं. तेव्हां वरच्या फटी मोकळ्या आणि खालचा थर हवाबंद, असा हा उलटसुलट बंदोबस्त ठेवावा लागतो.

हा सर्व परदेशचा खटाटोप आहे, त्याच्याशीं आपल्याला काय कर्तव्य, असें म्हणून चालण्याजोगी परिस्थिति आतां राहिलेली नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां श्रीवर्धनपासून अलीबागपर्यंत असंख्य घरांचीं कौलें आणि पत्रे उडून गेले. पुढच्याच वर्षीं, मे १७ रोजीं, तौक्ते वादळाच्या वेळीं मुंबईंत कुलाबा येथें वाऱ्याचा झोत ताशीं ११४ किलोमीटरपर्यंत गेला. वर सांगितलेल्या रीतीनें हिशेब केला तर हा दाब चौरस मीटरला साठ किलोग्रॅमच्या घरांत येतो. आराखड्यांत धरलेल्या वाऱ्याच्या केवळ निम्मा. म्हणजे मुंबईच्या गच्च्यांची खरी परीक्षा व्हावयाचीच आहे. आणि दरम्यान मुंबई-पुण्याच्या गच्च्यांचें रूप बदलत चाललें आहे. पन्नास-साठ मजल्यांच्या इमारतींच्या माथ्यावर बागा, उपाहारगृहें, पोहण्याचे तलाव येऊं लागले आहेत. तेथें विटांचा जड कोबा परवडत नाहीं. ठोकळ्यांवर मांडलेल्या सुट्या लाद्याच सोयीच्या वाटतात.

खरा धोका येथेंच आहे. सुट्या लाद्यांच्या फटींत केरकचरा सांठतो, चपलांच्या टांचा अडकतात, आणि मालकाला त्या उघड्या फटी अपुऱ्या कामासारख्या दिसतात. मग गवंड्याला बोलावून त्या सिमेंटनें भरून घेतल्या जातात. गवंडी बिचारा भल्या बुद्धीनेंच काम करतो. त्याच्या बापजाद्यांनीं भेग दिसली कीं ती बुजवावी हेंच शिकविलेलें असतें, आणि जुन्या गच्चीपुरतें तें योग्यहि होतें. परंतु येथें खालीं पोकळी आहे. फटी बुजल्या म्हणजे त्या पोकळीचा श्वास कोंडतो. वर भरलेली सिमेंटची बारीक रेघ एकदोन उन्हाळ्यांत तडकून जाते, तेव्हां लाद्या एकजीवहि होत नाहींत आणि मोकळ्याहि राहत नाहींत. अशी लादी ज्या रात्रीं उठेल, त्या रात्रीं ती गच्चीवरच पडेल असें कोणी सांगावें? पन्नास मजल्यांखालच्या रस्त्यावर त्या वेळीं कोणी दूधवाला, कोणी पहारेकरी, कोणी दवाखान्यांतून परतणारें माणूस चालत असूं शकतें. ज्याच्या डोक्यावर तो दगड यावयाचा, त्याचा त्या गच्चीशीं कांहींहि संबंध नसतो.

गच्चीच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासांतून निघणारा धडा थोडक्यांत सांगतां येतो. वाऱ्यापासून बचावण्याच्या दोन वाटा आहेत. एक माळवदाची आणि कोब्याची, दगडाला दगड असा जोडावा कीं सारी गच्ची एकच शिळा व्हावी. दुसरी नव्या फरसबंदीची, प्रत्येक दगड सुटा ठेवावा, पण त्याच्या भोंवतीं हवेला मोकळी वाट असावी. दोन्ही वाटा शास्त्रशुद्ध आहेत. घात होतो तो अर्ध्या वाटेवर. म्हणून पावसाळ्याच्या आधीं जो गवंडी गच्चीवर चढतो, त्यानें थापी चालविण्यापूर्वीं एक लादी उचलून खालीं पाहावें. खालीं भरीव कोबा असेल तर भेग बुजवावी. खालीं पोकळी असेल तर फटींतील केर काढून टाकून त्या तशाच मोकळ्या सोडाव्या, आणि मालकानें त्याबद्दल त्याची मजुरी कापूं नये.